ग्रंथपाल जमिनीवर का बसतो

सोलापुरात लोकहितैषी सार्वजनिक वाचनालयाची दगडी इमारत आहे. दरसाल मार्गशीर्षात, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, दुपारी चारच्या सुमाराला तिथे एक वेगळाच प्रकार पाहायला मिळतो. मोठ्या दालनातली टेबलं भिंतीकडे सरकवतात, मधल्या फरशीवर एक साधं गोणपाट अंथरतात आणि वाचनालयाचा ग्रंथपाल त्यावर मांडी घालून बसतो. मग सभासदांतला कुणीतरी त्याच्या हातात एक पुस्तक देतो. अट एकच, त्या पुस्तकाची लिपी ग्रंथपालाला येता कामा नये. कधी तेलुगू, कधी कानडी, कधी उर्दू. एका साली कुणी बंगाली आणलं होतं. ग्रंथपालाने पहिल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि सगळ्यांदेखत वाचायचा प्रयत्न करायचा. अर्थात त्याला येत नाहीच. पाच-दहा मिनिटं तो तसाच अडलेला बसतो. मग ती लिपी जाणणारा माणूस शेजारी येऊन बसतो आणि त्याला वाचून दाखवतो. हार नाही, नारळ नाही, भाषण नाही.

बाहेरगावचे लोक हे पाहून बुचकळ्यात पडतात. कुणाला ती सरस्वतीची पूजा वाटते, कुणाला करमणुकीचा खेळ. मग त्यांना जिन्याखालच्या बाकावर सिद्रामप्पांकडे पाठवतात. सिद्रामप्पा हत्तुरे इथे चाळीस वर्षं शिपाई होते. आता ऐंशीला टेकले आहेत, तरी रोज येऊन बसतात. ते आधी पाहुण्यांना बसवून घेतात आणि मगच सांगायला लागतात. ती हकीकत अशी.

शंभराहून जास्त वर्षं झाली. गुंडोपंत करमाळकर नावाचे गृहस्थ या वाचनालयाचे पहिले ग्रंथपाल. करमाळ्याच्या एका शाळामास्तरांचे ते चिरंजीव. कचेरीतली कायमची नोकरी सोडून त्यांनी एका किराणा दुकानाच्या माडीवर दोन कपाटांनिशी हे वाचनालय सुरू केलं. पुस्तकांसाठी ते घरोघर जात. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या तुळशीमागच्या फडताळात वाळवी लागलेलं पुस्तक दिसलं, तर धोतराच्या सोग्यात बांधून आणत आणि स्वतःच्या हाताने शिवत. प्लेगाच्या साली सगळं शहर उठून माळावर झोपड्यांत राहायला गेलं, तेव्हा म्हणे लोकांनी डोक्यावर भांडीकुंडी नेली आणि गुंडोपंतांनी पुस्तकांचे गठ्ठे. बायको कडाडून भांडली, तरी एक गठ्ठा मागे राहिला नाही.

पुढे ही दगडी इमारत उभी राहिली, तेव्हा दारावर काय कोरायचं यावरून कार्यकारी मंडळात वाद झाला. अध्यक्ष होते दादासाहेब वाळिंबे वकील. त्यांना नुसतं नाव पुरेसं वाटत होतं. गुंडोपंत हट्टाला पेटले. ‘हे वाचनालय सर्वांस खुले आहे’, असं मोठ्या अक्षरांत कोरल्याशिवाय मी किल्ल्या हातात घेणार नाही, असं त्यांनी बजावलं. शेवटी तसंच कोरलं गेलं. त्या पाटीखालून आत शिरताना गुंडोपंत रोज एकदा वर बघत आणि त्यांची छाती भरून येई. अशा माणसाच्या हातून पुढची गोष्ट घडली, म्हणून ती सांगायची.

पाटी लागून वर्षभर झालं असेल. एक विणकर वाचनालयात यायला लागला. मल्लय्या दासरी त्याचं नाव. साखर पेठेतला पद्मशाली, घरी खड्ड्यातला माग. वय चाळिशीच्या पुढे, अंगात जाड पैरण, खांद्यावर उपरणं, हाताला कायम सुताला लावायच्या पेजेच्या खळीचा आंबूस वास. चारच्या सुमारास यायचा, कपाटातून एक ठरावीक पुस्तक काढायचा आणि खिडकीजवळच्या बाकाच्या टोकाला बसायचा. पुस्तक होतं शेतकीवरचं, मोठ्या टायपातलं, जागोजागी चित्रं असलेलं. बोट अक्षरांवर ठेवून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचा. तासाभराने पुस्तक जागेवर ठेवून निघून जायचा. ना कुणाशी बोलणं, ना कुणाला त्रास.

लोकांच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. हा माणूस पान उलटत नाही. आज बैलाच्या चित्राचं पान, उद्याही बैलाच्याच चित्राचं. आठवडा झाला, पंधरवडा झाला. वर्तमानपत्रं चाळायला येणाऱ्या मंडळींना तेवढाच विषय. कुणी म्हणालं, याला बैल विकत घ्यायचाय. कुणी म्हणालं, दगडी इमारत थंड असते म्हणून येतो. दादासाहेबांच्या कानावरही ते गेलं. गुंडोपंतांनीही पाहिलं होतं. मनात काय आलं ते त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की मला त्या माणसाची लाज वाटायला लागली होती. मी ‘सर्वांस’ शब्दासाठी भांडलो आणि सर्वांमधून हा आला, असं दादासाहेब मनात म्हणत असतील, एवढंच डोक्यात घोळत होतं.

अशात एके दिवशी पुण्याहून काही विद्वान मंडळी वाचनालय पाहायला आली. गुंडोपंतांनी सकाळपासून कपाटं पुसून घेतली होती. दादासाहेब पाहुण्यांना दालनातून फिरवत होते. हिंडत हिंडत सगळे खिडकीपाशी आले.

“हे काय वाचताहेत एवढं मन लावून?” एका पाहुण्याने विचारलं.

दादासाहेब हसले. “हे आमचे सर्वांत सावकाश वाचक. महिना झाला, बैल काही पुढे सरकत नाही.”

पाहुणे गालातल्या गालात हसले. गुंडोपंतांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते एरवी शिपायाशीही चढ्या आवाजात बोलत नसत. पण त्या क्षणी त्यांना वाटलं, की आपण या लोकांच्या बाजूला उभं राहावं, त्या बाकाच्या बाजूला नाही.

“ऊठ रे,” ते म्हणाले. “काय वाचतोयस ते मोठ्याने वाचून दाखव.”

मल्लय्या उठला. पुस्तक दोन्ही हातांत धरलं. बोट चित्राखाली नेलं. “बै... ल,” तो म्हणाला.

“ते चित्रच आहे. पुढचं वाच.”

त्याने बोट पुढच्या ओळीवर नेलं. ओठ हलले. एक अक्षर उमटलं, दुसरं उमटलं, तिसऱ्याला बोट थांबलं. “पुढचं अजून येत नाही, पंत,” तो म्हणाला.

“येत नाही? मग इथे रोज येतोस कशाला? सावलीला?”

दालनात हशा पिकला. पाहुणे हसले, दादासाहेब हसले, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलेले वीस-पंचवीस जण हसले. हशाने गुंडोपंतांना जोर चढला आणि ते आणखी एक वाक्य बोलून गेले, “वाचनालय वाचणाऱ्यांसाठी असतं.”

मल्लय्याने पुस्तक मिटलं. हाताची खळ लागली असेल म्हणून उपरण्याच्या टोकाने पुठ्ठा पुसला, पुस्तक कपाटात बरोबर त्याच्या जागेवर लावलं आणि कुणाकडेही न बघता तो निघून गेला. पाहुण्यांना चहा झाला. शेरेबुकात त्यांनी चार गौरवाच्या ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी मल्लय्या आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे आलाच नाही.

आठ-दहा दिवसांनी शिपाई खिडकीजवळचा बाक झाडत होता, तेव्हा फळीच्या फटीत खोचलेला एक कागद त्याला सापडला. सुताच्या गाठोड्यावरचा जाडाभरडा कागद, चार घड्या घातलेला. शिपायाने तो गुंडोपंतांच्या टेबलावर आणून ठेवला. त्यावर एका बाजूला कोरून कोरून काढलेली बाळबोध अक्षरं होती आणि प्रत्येक अक्षरासमोर जोंधळ्याच्या दाण्यासारखं गोल काहीतरी. खाली त्याच गोल अक्षरांत एक ओळ.

वाचनालयाच्या सभासदांत रेल्वेतले एक गार्ड होते, नायडू म्हणून. ते संध्याकाळी पुस्तक बदलायला आले, तेव्हा गुंडोपंतांनी त्यांना कागद दाखवला.

“हे तेलुगू आहे, पंत. कुणीतरी तुमची अक्षरं शिकतोय. या अक्षराला आमच्यात हे, त्या अक्षराला ते, असं लावून ठेवलंय. अक्षर बाकी सुरेख हो. चांगला वाचणारा-लिहिणारा माणूस दिसतो.”

“आणि ही खालची ओळ?”

नायडूंनी कागद उजेडाकडे धरला. “सतरा राहिली, असं लिहिलंय.”

गुंडोपंतांनी अक्षरं मोजली. एकतीस होती. महिनाभरात, कुणालाही न विचारता, त्या एकाच पानावरच्या बैलाच्या, नांगराच्या, मोटेच्या चित्राखालचे शब्द ताडून ताडून त्या माणसाने एकतीस अक्षरं मिळवली होती. एका पानावर तो उगाच बसला नव्हता. तसं शिकायचं तर एकच पान धरून बसावं लागतं. गुंडोपंतांना स्वतःची शाळा आठवली. पाटी होती, वडील होते, धुळाक्षरं गिरवून घेणारा हात होता. याच्याजवळ काय होतं?

त्या दिवसापासून दारावरच्या पाटीकडे त्यांना बघवेना. ते खाली मान घालून आत शिरायला लागले.

श्रावण लागला तेव्हा ते साखर पेठेत गेले. पत्ता शोधावा लागला नाही. मल्लय्या दासरीचं नाव घेताच लोक बोट दाखवत आणि वर हात जोडत. गुंडोपंतांना त्याचं नवल वाटलं. दिवेलागणीची वेळ. बोळात घोंगड्या अंथरल्या होत्या, माग थांबले होते, बाया-माणसं मिळून पन्नासेक जण बसले होते. मधोमध पाटावर पोथी आणि पोथीमागे मल्लय्या. तो वाचत होता. बोट नाही, पुटपुट नाही. आवाज चढत होता, उतरत होता. एखाद्या जागी तो थांबला की म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावत, एखाद्या जागी सगळा बोळ खळखळून हसे. गुंडोपंतांनी आयुष्यात पुष्कळ पुराणिक ऐकले होते. असं वाचणारा एकही आठवेना. शब्द मात्र एकही कळत नव्हता.

त्यांना उभं पाहून एक म्हातारी सरकली. “कूर्चोंडी,” म्हणाली आणि घोंगडीवर थाप मारली. ते बसले. पाहुणा भला माणूस दिसतो, शिकलेला दिसतो, म्हणून तिने मानाने एक छापील पोथी त्यांच्या हातात दिली. वाचन चालू असताना ज्याला येतं त्याने पोथीत बघत राहावं, अशी तिथली रीत. गुंडोपंतांनी पोथी उघडली. गोल गोल अक्षरांच्या ओळी. आपण वाचतो आहोत असं दिसावं म्हणून त्यांनी मान थोडी खाली घातली.

थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आलं, की आजूबाजूचे लोक आपल्याकडे बघताहेत. कुणी हसत नव्हतं, पण बघत होते. पाटावरून मल्लय्यानेही पाहिलं. तो वाचता वाचता उठला, आवाज न थांबवता, पुढचं त्याला पाठच होतं. दोन पावलं चालून आला, गुंडोपंतांच्या हातातली पोथी अलगद घेतली, उलटी होती ती सुलटी केली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. मग जागेवर जाऊन बसला. पुढची ओळ चालूच होती.

सिद्रामप्पा म्हणतात, की गुंडोपंत त्या घोंगडीवर रडले नाहीत. ते फक्त पोथी धरून बसून राहिले, कारण मान वर करायची सोय उरली नव्हती. पन्नास माणसांपैकी एकाच्या तोंडून हसू फुटलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. तेवढी तरी फिट्टंफाट झाली असती.

वाचन संपलं, लोक उठले. मल्लय्याने त्यांना घरात नेलं, मागाशेजारी पाट दिला, पाणी दिलं.

“मल्लय्या,” गुंडोपंत म्हणाले, आणि इथे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा अहोजाहो निघालं, “तुम्ही मला क्षमा करा. मी तुम्हाला ओळखलं नाही.”

“बरं,” मल्लय्या म्हणाला.

“तुम्ही परत या. उरलेली सतरा अक्षरं मी स्वतः शिकवतो.”

मल्लय्याने मागावरचं एक सुटलेलं सूत ताणून बांधलं. त्याचं मराठी मोडकं होतं, पण विचार करून बोलायचा. “पंत, आमच्या पेठेत पोथ्या अकरा. अकराही पाठ झाल्या. वाचायला काही राहिलं नाही. तुमच्या दारावर काय लिहिलंय ते एकाला विचारलं. सगळ्यांना चालतं म्हणाला. म्हणून आलो. एवढी कपाटं बघून मला रात्री झोप येत नव्हती.”

“मग या ना.”

“पाय उचलत नाही. तुम्ही इथं येऊन माफी मागितली. इथं कोण हसलं होतं? इथल्या लोकांना माहीतसुद्धा नाही, मी सांगितलं नाही. हसले ते तिकडं. जे बोलायचं ते तिकडं बोला. त्या सगळ्यांच्या समोर. मग मी येतो.”

“बोलतो,” गुंडोपंत म्हणाले. “येत्या वर्धापनदिनी बोलतो.” आणि मागाच्या खुंटीला हात लावून त्यांनी तसं वचन दिलं.

मागणी काही मोठी नव्हती. सभेत उभं राहायचं, चार वाक्यं बोलायची. पण वर्धापनदिन जवळ आला, तसे गुंडोपंत मनात सभेतला एकेक चेहरा मोजायला लागले. दादासाहेब हसतील. डॉक्टर, मास्तर, मामलेदार, सगळे बसलेले असतील. एका विणकराची माफी मागितली म्हणून उद्या गावभर चेष्टा होईल, वाचनालयाची देणगी थांबेल. त्या वर्षी त्यांनी स्वतःला सांगितलं, की दादासाहेबांची प्रकृती बरी नाही, अशात नको. दुसऱ्या वर्षी कलेक्टरसाहेब पाहुणे होते, त्यांच्यासमोर घरचं धुणं नको. तिसऱ्या वर्षी भाषणं लांबली. चौथ्या वर्षी तर कारणही शोधावं लागलं नाही. ते उभे राहिले, आभार मानले आणि खाली बसले.

या चार वर्षांत त्यांनी एक केलं. नायडू गार्डांकडून ते गुपचूप तेलुगू अक्षरं शिकले. तेही घरी, दार लोटून. पन्नाशीच्या माणसाला ती अक्षरं फार जड गेली. आज आलेलं उद्या विसरे. पण त्यांना वाटे, की आपण काहीतरी करतो आहोत. पुढे ते म्हणत, मी अभ्यास केला तो लपायला जागा हवी म्हणून. जे करायचं होतं ते सोडून सगळं केलं.

साखर पेठेत ते परत गेले नाहीत. रस्त्यात एखादा पद्मशाली समोरून आला, तरी बाजूच्या बोळात वळत.

पाचव्या वर्षी नायडूंची बदली झाली. निरोप घ्यायला आले, तेव्हा बोलता बोलता म्हणाले, “तुमच्या त्या कागदवाल्या मल्लय्याला परवा पाहिलं. त्याला कुणीतरी हाताला धरून चालवत होतं. मागावर बसत नाही म्हणे आता. डोळे गेले.”

गुंडोपंतांनी विचारलं, “कधी?”

“होत आलं असेल वर्ष. अंधारात बारीक सूत बघून बघून जातात या लोकांचे. आधी कडेचं दिसेना, मग अक्षर दिसेना, मग काहीच नाही.”

गुंडोपंतांनी बोटांवर वर्षं मोजली. पहिल्याच वर्षी बोललो असतो, तर त्या माणसाला तीन वर्षं मिळाली असती. तीन वर्षांत तो ही सगळी कपाटं वाचून काढता. आपण एका दुपारी त्याला हाकललं, तो अपराध एक; आणि चार वर्षं त्याला बाहेर ठेवलं, तो दुसरा. दुसरा जास्त मोठा होता, कारण तो करताना समोर पाहुणे नव्हते, हशा नव्हता, राग नव्हता. तो शांत डोक्याने, वर्षातून एकेकदा केला होता.

त्या साली वाचनालयाला पंचवीस वर्षं होत होती. दालन खच्चून भरलं होतं. दादासाहेबांनी गुंडोपंतांच्या अंगावर शाल घातली, प्लेगातल्या गठ्ठ्यांची गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या. गुंडोपंत उत्तराला उभे राहिले. शाल काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली. पुस्तकं ज्यातून आली होती ते एक गोणपाट कोपऱ्यात पडलं होतं, ते ओढून आणलं, फरशीवर टाकलं आणि त्यावर बसले. लोकांना वाटलं, म्हातारबुवांना चक्कर आली.

“पाच वर्षांपूर्वी त्या खिडकीशी एक वाचक बसत असे,” ते म्हणाले. मग काहीही न झाकता सगळं सांगितलं. त्याचं नाव, त्याची पेठ, स्वतः काय बोललो ते शब्दशः, कागद, उलटी पोथी, दिलेलं वचन, न पाळलेली चार वर्षं. “या शहरात माझ्यापेक्षा चांगला वाचणारा माणूस एक होता. त्याला मी सांगितलं, वाचनालय वाचणाऱ्यांसाठी असतं.”

मग त्यांनी पिशवीतून एक तेलुगू पोथी काढली, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. एक अक्षर आलं, दुसरं आलं. तिसऱ्याला बोट थांबलं. कपाळावर घाम आला. त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. जाडजूड चष्म्यातला, शाल काढून ठेवलेला म्हातारा जमिनीवर बसून ‘का, की’ करतो आहे, हे पाहून मागच्या बाजूला कुणाला तरी हसू आवरेना. एकाचं दुसऱ्याला लागलं. दालन हसलं. पाच वर्षांपूर्वी हसलं होतं, तसंच. गुंडोपंत थांबले नाहीत. अर्ध्या तासात त्यांनी चार ओळी पुऱ्या केल्या. शेवटी शेवटी हसू थांबलं होतं. ते पश्चात्तापाने थांबलं, की हसून हसून लोक कंटाळले, हे कुणी सांगू शकत नाही. दादासाहेब मधेच उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडोपंत साखर पेठेत गेले. मल्लय्या ओट्यावर उन्हाला बसला होता. हाक ऐकताच आवाजावरून त्याने ओळखलं.

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “आमची दोन माणसं दारात उभी होती. फार अडखळलात म्हणे.”

“फार.”

“हसले?”

“हसले.”

मल्लय्याने मान हलवली. मग मल्लय्या उठला, हात पुढे केला आणि म्हणाला, “चला. बोललो होतो, तुम्ही बोललात की येतो.”

त्याला हाताला धरून गुंडोपंतांनी साखर पेठेपासून वाचनालयापर्यंत, भर बाजारातून नेलं. आत गेल्यावर मल्लय्याने कपाटांवरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक कपाट. पुस्तकांच्या पाठी बोटांनी चाचपत गेला. मग खिडकीजवळच्या बाकावर बसला आणि म्हणाला, “सतरा राहिली ती राहिलीच, पंत. आता तुम्हीच वाचा.”

तो जिवंत होता तोवर, म्हणजे आणखी सहा वर्षं, गुंडोपंत त्याला रोज तासभर वाचून दाखवत. भूगोल वाचला, प्रवासवर्णनं वाचली, शेतकीचं ते पुस्तकही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मल्लय्या ऐकून घरी जाई आणि तेच संध्याकाळी बोळात तेलुगूत सांगे. क्षमा केली असं मात्र तो कधी म्हणाला नाही. गुंडोपंतांनीही परत विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण चार वर्षांत घालवला, असं ते म्हणत.

मरायच्या आधी त्यांनी कार्यकारी मंडळाकडून एक ठराव करून घेतला. वर्धापनदिनी जो कोणी ग्रंथपाल असेल त्याने जमिनीवर बसावं, न येणारी लिपी हातात घ्यावी आणि कुणी हसलं तर हसू द्यावं. कार्यक्रम कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये. हे शेवटचं वाक्य ठरावात दोनदा लिहिलेलं आहे.

तो ठराव अजून पाळतात. सध्याच्या ग्रंथपालबाई एम.ए., पीएच.डी. आहेत, पण त्या दिवशी त्याही गोणपाटावर बसतात आणि त्यांचेही कान लाल होतात.

एवढं सांगून झालं, की सिद्रामप्पा पाणी पितात. मग पाहुण्यांतलं कुणी ना कुणी विचारतंच, की ते हसणारे लोक कोण होते? त्यावर ते सांगतात, की या शहरातल्या जुन्या घरांतून मी पुष्कळ हिंडलो. वाळिंब्यांच्या वाड्यापासून डॉक्टरांच्या बंगल्यापर्यंत सगळीकडे विचारलं. प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं, “आमचे आजोबा होते त्या दिवशी दालनात, पण ते हसले नाहीत.” एकाच्याही घरचं कुणी हसलं नव्हतं. मग सगळं दालन हसलं, ते कुणाचं हसू होतं?



“माझे आजोबा वकीलसाहेबांकडे कारकून होते,” सिद्रामप्पा जमिनीकडे बघत म्हणतात. “ते हसले होते. दोन्ही वेळा.”